तालमीसाठी घरगुती वजने

बेळगावहून खानापूरकडे जाताना पिरनवाडी लागते. या सीमाभागात तालमीची परंपरा जुनी आहे. मुद्गल व दगडी नाल गावच्या सुतार-पाथरवटांनीच घडविले. तेव्हा बाजारची लोखंडी वजने परवडत नाहीत, म्हणून शाळेने अथवा तरुण मंडळाने व्यायाम थांबविण्याचे कारण नाही.

दोन लिटरचे दोन सारखे रिकामे डबे आणि चार फूट लांबीचा एक इंची लोखंडी नळ घ्यावा. उद्यमबाग औद्योगिक वसाहत जवळच असल्याने भंगारात नळाचा तुकडा मिळणे कठीण नाही. गुळगुळीत नळ काँक्रीटमधून निसटतो, आणि वजन पायावर पडते. हा दोष वरून दिसत नाही. यास्तव नळाच्या दोन्ही टोकांजवळ आडवी भोके पाडून त्यांत बोल्ट पक्के बसवावेत. येथे काटकसर करू नये. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू व चार भाग बारीक खडी यांचे मिश्रण डब्यात भरून नळ दोरीने सरळ उभा बांधावा. तीन दिवसांनी दुसरे टोक भरावे. त्यानंतर निदान सात दिवस ओले गोणपाट गुंडाळून ठेवावे. पूर्ण मजबुती येण्यास 28 दिवस लागतात.

एक लिटर काँक्रीट सुमारे 2.4 किलो भरते. म्हणजे प्रत्येक टोक पाच किलोच्या आत राहील. तरीही काट्यावर तोलून आकडा रंगाने लिहावा.

नवशिक्यांना वाळूची पिशवी पुरे. पावसाळ्यात मात्र वाळू भिजून वजन वाढते, म्हणून पिशवी पुन्हा तोलावी.