शंका-समाधान : काडतुसं भरण्याचं टेबल

शंका : नेमबाजीच्या सरावासाठी मी रायफलची काडतुसं घरीच भरतो. गॅरेजमध्ये फोर-बाय-फोरचे पाय लावून टेबल केलं, तरी प्रेसचा दांडा दाबला की सगळं डुलतं. पाय आणखी जाड करू का?
– एक वाचक, टेक्सास

समाधान : पायांना हात लावू नका. फोर-बाय-फोर प्रत्यक्षात साडेतीन इंचच भरतो, पण या कामाला तो पुरून उरतो. दोष बांधणीत आहे. रायफलची पुंगळी डायमध्ये शिरताना तुम्ही दांड्यावर भार टाकता, तोही टेबलाच्या कडेबाहेर. टेबल पुढच्या पायांवर कलतं आणि मागून उचललं जातं. म्हणून मागची चौकट भिंतीला जखडा. वरच्या ड्रायवॉलमध्ये स्क्रू धरणार नाही. आतले लाकडी स्टड शोधा. ते बहुधा १६ इंचांवर असतात. त्यांत लॅग स्क्रू बसवा. बाजूंना तिरक्या पट्ट्या ठोका, म्हणजे डावं-उजवं डुलणंही थांबेल.

प्रेस मधोमध असेल तर पुढच्या पायाशेजारी आणा. मधली फळी लवते, पायाजवळची लवत नाही. वर पाऊण इंची प्लायवुडचे दोन थर सरसानं चिकटवा. प्रेसला लाकडी स्क्रू नकोतच, ते ढिले होतात. आरपार बोल्ट घाला आणि खाली रुंद वॉशर किंवा लोखंडी पट्टी द्या. भोकं पाडण्याआधी प्रेस नुसता ठेवून दांडा पूर्ण खाली येतो का ते पाहा. पावडर तोलायचा काटा मात्र वेगळ्या फळीवर ठेवा, आणि तोलताना पंखा बंद करा.

शंका : टेबलाखाली जाड पत्र्याची घट्ट पेटी करून त्यात पावडर आणि प्रायमर ठेवू का?
– तेच वाचक

समाधान : कृपा करून असं करू नका. धूरहीन पावडर मोकळ्यावर भडकून जळते. बंद, मजबूत पेटीत तिचा दाब कोंडतो आणि स्फोट होतो. ती मूळ डब्यातच, लाकडी कपाटात ठेवा. प्रायमर त्यांच्या मूळ खोक्यांत, पावडरपासून दूर. अमेरिकेच्या एनएफपीए ४९५ या मानकात घरात पावडर नुसत्या मूळ डब्यांत ठेवायला २० पौंडांची मर्यादा आहे. त्यापुढे जाड लाकडी पेटी लागते. स्थानिक अग्निशमन खात्याचे नियम याहून कडक असू शकतात, ते विचारून घ्या. गॅरेजमध्ये गॅसचा वॉटर हीटर असेल, तर आत ज्योत असते. तिथे पावडर ठेवूच नका. घरातली थंड, कोरडी, मुलांचा हात न पोहोचणारी कुलूपबंद जागा शोधा.