जरा दमानं

मुलांनो, आज आपण एका शर्यतीची गोष्ट वाचणार आहोत. आधी 'शर्यत' हा शब्दच नीट पाहा. ओळखीचा वाटतो ना? उर्दूत आपण 'शर्त' म्हणतो, त्याच शब्दाचे हे मराठी रूप आहे. मराठीत 'शर्थ' असाही एक शब्द आहे. 'त्याने शर्थ केली' म्हणजे त्याने होते नव्हते तेवढे सगळे बळ लावले. एकाच शब्दाची ही दोन मुले आहेत म्हणा ना! या पाठात असाच आणखी एक शब्द भेटेल. तो मला एका घाटात, चांगलाच घाम निथळत असताना नव्याने कळला.

मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर धावणे. हे विचित्र अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रथम ठेवले गेले आणि १९२१ मध्ये ते कायमचे ठरले. याच्या निम्मे, म्हणजे २१ किलोमीटरपेक्षा थोडे जास्त अंतर धावणे म्हणजे अर्धमॅरेथॉन. साताऱ्यात २०१२ पासून डोंगरातली अर्धमॅरेथॉन भरते. पोलीस परेड मैदानावरून निघायचे, गावातून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने थोडे पुढे जायचे आणि त्याच वाटेने परत यायचे. जवळजवळ निम्मी वाट चढाची आणि निम्मी उताराची. दिवस पावसाळ्याचे. डोंगर हिरवे झालेले असतात आणि ढग रस्त्यावर उतरलेले असतात.

मी काही खेळाडू नाही. शाळेत असताना कबड्डीच्या संघात राखीव खेळाडू होतो, तेवढेच. पण माझ्या अब्बांना मधुमेह आहे. काही वर्षांपूर्वी पायाला झालेली जखम त्यांच्या लक्षातच आली नाही, कारण पायाची संवेदना कमी झाली होती. शेवटी दोन बोटे काढावी लागली. त्यानंतर डॉक्टरांनी माझेही रक्त तपासले आणि म्हणाले, "मास्तर, साखर काठावर आहे. चालायला लागा." मी कराडला कृष्णेच्या काठी चालू लागलो. चालता चालता पळू लागलो. २०२३ मध्ये साताऱ्याच्या शर्यतीत नाव दिले आणि वर्गात मोठ्या तोंडाने सांगूनही बसलो. आता माघार घेणे शक्य नव्हते. विद्यार्थी सगळे विसरतात, पण मास्तरांनी फुशारकीने सांगितलेली गोष्ट मात्र कधी विसरत नाहीत!

शर्यतीचा रविवार उजाडायचा होता. शर्यत साडेसहाला सुटणार होती. चार वाजता एक गाडीवाला येणार होता, तो आलाच नाही. वीस मिनिटे वाट पाहून मी भाच्याला उठवले आणि आम्ही मोटारसायकलवर निघालो. पाऊस भुरभुरत होता. उंब्रज आले, तेव्हा मी सहज छातीवर हात ठेवला आणि माझ्या पोटात गोळा आला. छातीवर लावायचा नंबर घरीच राहिला होता! दाराच्या खुंटीला, दुसऱ्या सदऱ्यावर. त्या कागदाच्या मागे एक बारीक चिप चिकटवलेली असते. ती नसेल तर तुम्ही कितीही धावा, तुमची वेळ नोंदली जात नाही.

घरी फोन केला. अब्बा फजरच्या नमाजासाठी उठलेले होते. "तिथेच थांब," एवढेच ते म्हणाले. आम्ही एका बंद चहाच्या टपरीच्या पत्र्याखाली उभे राहिलो. अर्ध्या तासाने धाकटा भाऊ आला. त्याने एक पाकीट दिले. आत नंबर होता, अम्मीच्या शिवणाच्या डब्यातल्या चार सेफ्टी पिना होत्या आणि दोन खजूर होते. पिनांची आठवण मला स्वतःला आली नसती.

साताऱ्यात पोचलो, तर शर्यतीसाठी रस्ते बंद केलेले. भाच्याला तिथेच सोडून मी मैदानाकडे पळत सुटलो. म्हणजे माझी शर्यत शर्यतीच्या आधीच सुरू झाली! मैदानावर पोचलो, तेव्हा गर्दी निघून गेली होती. स्वयंसेवक रिकाम्या बाटल्या गोळा करत होते. मला चौदा मिनिटे उशीर झाला होता.

अशा वेळी माणूस काय करतो? तेच मी केले. चौदा मिनिटे भरून काढायची म्हणून जीव खाऊन पळालो. रस्त्याच्या दोन्ही कडांना लोक उभे होते. शाळेची मुले लेझीम खेळत होती, एक आजी दारात उभी राहून टाळ्या वाजवत होती. त्यातले मला काहीच नीट दिसले नाही. पुढच्या माणसाची पाठ तेवढी दिसत होती. एकेकाला मागे टाकत मी घाटाच्या पायथ्याशी आलो आणि पहिल्याच मोठ्या वळणावर माझे पाय शिशाचे झाले. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. अजून पंधरा-सोळा किलोमीटर बाकी होते. मी कठड्याला टेकलो.

तेव्हा मागून एक साठीचे गृहस्थ आले. डोक्याला रुमाल, अंगात साधी बनियन. ते पळत नव्हते, झपाझप चालत होते. माझ्याकडे पाहून म्हणाले,

"पाव्हणं, जरा दमानं!"

"काका, सुटायलाच उशीर झाला. चौदा मिनिटं गेली."

"कुठं गेली? चटईवर पाय दिला की तुमचं घड्याळ सुरू. त्याआधीचं कोण मोजतंय?"

मुलांनो, मला हे ठाऊक होते! सुरुवातीच्या रेषेवर एक चटई असते. चिप तिच्यावरून गेली की त्या धावणाऱ्याची स्वतःची वेळ सुरू होते. ही गोष्ट मी वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवली होती. पण सकाळच्या धांदलीत ती डोक्यातून पार निघून गेली. जी चौदा मिनिटे माझ्या हिशेबात नव्हतीच, ती भरून काढण्यासाठी मी माझे पाय खर्च केले होते.

आता तो दुसरा शब्द पाहा. 'दम' म्हणजे श्वास, हे तुम्हाला कुणी सांगायला नको. मराठीने हा शब्द घेतला आणि त्याचा संसार वाढवला. दम लागणे म्हणजे धाप लागणे. दम धरणे म्हणजे धीर धरणे. दम देणे म्हणजे धाक घालणे, ते तर तुम्ही माझ्याकडून रोज ऐकता. आणि 'दमानं घ्या' म्हणजे सावकाश घ्या, श्वासाच्या मापाने घ्या. शरीराचे शास्त्रही हेच सांगते. स्नायूंत आणि यकृतात साखरेचा साठा असतो, पण तो मोजका असतो. श्वासातून पुरेसा प्राणवायू मिळत असेल तर स्नायू ती साखर काटकसरीने वापरतात, शिवाय चरबीही जाळतात. आपण दम तुटेपर्यंत पळालो की प्राणवायू अपुरा पडतो. मग तीच साखर उधळपट्टीने जळते आणि काम मात्र थोडे होते. ओळखण्याची खूण सोपी आहे. धावताना एक पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. मला त्या वळणावर 'पाणी' हा एक शब्दही धड बोलता येत नव्हता.

मी काकांबरोबर चालू लागलो. चढ कमी झाला की आम्ही हळू पळायचो, वाढला की चालायचो. चढावर चालण्यात काही कमीपणा नाही. चांगले चांगले धावणारेही उभ्या चढावर पावले आखडती घेतात.

आणि मग मला घाट दिसू लागला. कड्यांवरून पाण्याच्या बारीक धारा येत होत्या. कडेला तेरड्याची गुलाबी फुले आणि सोनकीची पिवळी फुले उमलली होती. फुलांसाठी प्रसिद्ध असलेले कासचे पठार याच रस्त्याला पुढे आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात कासही आहे. शर्यत तिथपर्यंत जात नाही, अलीकडूनच वळते. या डोंगराच्या एका अंगाला वेण्णा नदीचे खोरे आहे, दुसऱ्या अंगाला उरमोडीचे. धुके क्षणभर फाटले आणि खाली सातारा शहर दिसले, त्याच्या डोक्यावर अजिंक्यतारा. काका अभिमानाने म्हणाले, "आमचा किल्ला!" मी म्हणालो, "काका, विजापूरच्या दरबारात कारस्थान झालं, तेव्हा चाँदबिबीला याच किल्ल्यात कैदेत ठेवलं होतं. १७०० मध्ये औरंगजेबाच्या फौजेनं किल्ला घेतला आणि त्याचं नाव आझमतारा ठेवलं. मराठ्यांनी परत जिंकला, तेव्हा अजिंक्यतारा झाला." काका हसले. "पाव्हणं, लांब वाक्यं बोलाया लागलात. आता पळा!"

खरेच की! दम परत आला होता.

वळणाच्या जागी मीठ-साखरेचे पाणी घोट घोट प्यालो आणि अब्बांचे खजूर काढले. एक काकांना देऊ केला. ते म्हणाले, "घरनं दिलेलं वाटू नये, खावं." मी दोन्ही खाल्ले.

उतार सोपा असतो असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटले होते. पण उतारावर मांडीचे स्नायू ब्रेकचे काम करतात. ते ताणले जात असतानाच त्यांना शरीराचा भार पेलावा लागतो आणि त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते. म्हणून उताराचे दुखणे त्या दिवशी कमी आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त जाणवते. (मंगळवारी मी वर्गात खुर्चीवर कसा बसलो, ते ज्यांनी पाहिले त्यांनी कृपा करून इतरांना सांगू नये.) उतारावर टांगा लांब टाकू नयेत. पावले लहान आणि भराभर पडावीत. मी तसे केले, तरी शेवटचे तीन किलोमीटर बूट टोचत होते. गावात शिरलो, तर ती आजी अजून दारात होती. या वेळी मी तिला हात केला.

रेषा ओलांडली, तेव्हा माझ्या चिपवर दोन तास एकोणपन्नास मिनिटे झाली होती. काका माझ्या आधी पोचून केळे खात बसले होते!

मी अब्बांना फोन लावला. शर्यत पुरी झाल्याचे सांगितले. वेळ किती लागला, कितवा आलो, त्यांनी काही विचारले नाही.

"बेटा, मोजे काढ," ते म्हणाले. "पाय बघ आधी."

मी मैदानातल्या ओल्या गवतावर बसलो आणि मोजे काढले. डाव्या अंगठ्याचे नख काळे पडले होते. बाकी सगळे ठीक होते. मी तसे सांगितले.

"नख दुखतंय?"

"हो अब्बा, चांगलंच दुखतंय."

"दुखतंय ना? मग चांगलं आहे," अब्बा म्हणाले. "ये आता घरी. आणि भाच्याला सांग, गाडी हळू चालव."