शिक्षकाचें जीवन आणि कवीची वाणी

विद्यार्थिमित्रांनो, वर्गांत कविता शिकतांना आपण शब्दार्थ पाहतों, वृत्त ओळखतों, अलंकार शोधतों. परंतु ती लिहिणाऱ्याच्या आयुष्यांत डोकावण्याचें मात्र राहून जातें. आधुनिक मराठी काव्याचे प्रवर्तक म्हणून ज्यांस मान मिळाला, ते केशवसुत पेशानें शिक्षक होते. त्यांच्या जीवनाचा त्यांच्या कवितेशीं काय संबंध होता, हें आज पाहूं.

कृष्णाजी केशव दामले यांचा जन्म १८६६ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील मालगुंड गांवीं झाला. वडीलहि शिक्षकच होते. 'केशवसुत' या नांवाचा अर्थच केशवाचा मुलगा असा आहे. कुटुंब मोठें, प्राप्ति थोडी. बडोदें, नागपूर, पुणें अशा ठिकाणीं शिकत ते १८८९ सालीं पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून मॅट्रिक झाले. कॉलेजचें शिक्षण न घेतां त्यांनीं मुंबईंत तुटपुंज्या पगाराची शिक्षकी पत्करली. १८९६ सालीं तेथें प्लेगची सांथ आली. पुढें ते खानदेशांत भडगांव व फैजपूर येथें आणि १९०४ सालीं धारवाडास गेले. अशा रीतीनें घर कायमचें दूर राहिलें.

या अनुभवांचें त्यांनीं काय केलें? कोंकणापासून दूर असतां 'नैर्ऋत्येकडील वाऱ्यास' उद्देशून त्यांनीं आपली घरची ओढ बोलून दाखविली. ज्यानें घरची चणचण पाहिली होती, त्याच्या लेखणींतून उपासमारीनें गांजलेल्या मजुराचें दुःख उतरलें. अस्पृश्य मानलेल्या जातींतील एका बालकाच्या तोंडून त्यांनीं समाजास न सुटणारा प्रश्न विचारला. 'सतारीचे बोल' या कवितेंत निराश होऊन रात्रीं भटकणारा मनुष्य सतारीचे सूर ऐकून प्रथम चिडतो व शेवटीं शांत होतो. १८९३ सालच्या 'तुतारी'नें तर जुन्या रूढींविरुद्ध रणशिंगच फुंकलें.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत धरली पाहिजे. दारिद्र्य व परगांवचा एकांतवास पुष्कळांच्या वांट्यास येतो. तेवढ्यानें कोणी कवि होत नाहीं. केशवसुतांनीं आपल्या दुःखाचें केवळ रडगाणें केलें नाहीं. त्या दुःखामुळें त्यांस दुसऱ्याचें दुःख दिसूं लागलें. शिवाय, साधारण माणसाचें मन हाहि काव्याचा विषय होऊं शकतो, असा विश्वास त्यांनीं बाळगला. इंग्रजी काव्याच्या वाचनानें त्यांस नवे आकार दिले. चौदा ओळींचें सुनीत मराठींत आणण्याचा मान त्यांसच दिला जातो. परंतु त्या आकारांत भरलेला आशय मात्र स्वतःच्या जगण्यांतून आलेला होता.

७ नोव्हेंबर १९०५ रोजीं हुबळी येथें प्लेगनें त्यांचा अंत झाला. कांहीं दिवसांतच त्यांच्या पत्नीहि निवर्तल्या. वय अवघें एकोणचाळीस. हयातींत त्यांचा एकहि काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला नाहीं. फैजपूरच्या वर्गांत बसणाऱ्या मुलांपैकीं किती जणांस आपले मास्तर कोण आहेत हें कळलें असेल?

तेव्हां मित्रांनो, लिहावेंसें वाटल्यास विषयासाठीं दूर धांवूं नका. आपलें घर, आपलें गांव, शेजाऱ्याची अडचण हीं डोळे उघडे ठेवून पाहा. आणि फळ्यापुढें उभ्या असलेल्या गुरुजनांकडेहि एकवार आदरानें पाहा. त्यांच्या मनांत काय चाललें आहे, हें कोणास ठाऊक!