कोच बदलला की टीम बदलते का?

कंट्रोल सिस्टिम हा विषय थर्ड इयरला आला की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. पण प्रश्न साधा आहे. सिस्टिम तीच ठेवून फक्त कंट्रोलर बदलला, तर आउटपुट किती बदलेल? हाच प्रश्न क्रिकेट किंवा बास्केटबॉलचे फॅन नवा हेड कोच आला की एकमेकांना विचारतात. फरक एवढाच की आपण ग्राफ काढतो आणि ते भांडतात.

फॅनचे तीन प्रकार

पहिला भक्त. नाव ऐकताच त्याला कप दिसू लागतो. दुसरा शंकेखोर. "हा येऊन काय करन बे?" असं पानठेल्यावर उभं राहून विचारणारा. तिसरा हिशेबी. तो म्हणतो, दोन सीझन द्या, मग बोलू. गंमत म्हणजे पहिले दोघं एकाच रिझल्टनंतर आपापली पार्टी बदलतात.

केस स्टडी : विदर्भ

विदर्भाची टीम रणजी ट्रॉफीत पहिल्यांदा उतरली 1957-58 मध्ये. त्यानंतर साठ वर्षं फायनल नाही. 2017 मध्ये चंद्रकांत पंडित कोच म्हणून आले. मुंबईचे, भारताकडून 5 टेस्ट खेळलेले विकेटकीपर, शिस्तीला कडक. त्यांच्या कोचिंगखाली मुंबईने तीनदा रणजी जिंकली होती, पण 2016-17 ची फायनल गुजरातकडून हरली आणि त्यांचं पद गेलं. म्हणजे मुंबईने सोडलेला माणूस विदर्भाने घेतला. आमच्याकडे 'गोरेगाव' म्हटलं तरी बाहेरच्याला मुंबईचंच आठवतं, आपलं गोंदियाजवळचं नाही. त्यामुळे "आता कोचपण मुंबईचाच का?" हे दुखणं नुसतं क्रिकेटचं नव्हतं.

पुढे काय झालं ते बघा. डिसेंबर 2017 मध्ये कोलकात्याला सेमीफायनलमध्ये कर्नाटकला फक्त 5 रनांनी हरवलं. मग इंदूरच्या फायनलमध्ये रजनीश गुरबानीने दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक घेतली. (गुरबानी सिव्हिल इंजिनिअर आहे, आपल्या लोकांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही!) अक्षय वाडकरने 133 केले. 1 जानेवारी 2018 ला विदर्भ 9 विकेटांनी चॅम्पियन. लोक म्हणाले, लॉटरी लागली. फेब्रुवारी 2019 मध्ये जामठ्याला सौराष्ट्राला 78 रनांनी हरवून कप पुन्हा घरी. त्या मॅचमध्ये आदित्य सरवटेच्या 11 विकेट होत्या. मग लॉटरी हा शब्द बंद झाला.

सावध राहा : सरासरीकडे परतणं

आता थोडं स्टॅटिस्टिक्स. समजा तुम्हाला सेशनलमध्ये नेहमी साधारण 15 मार्क पडतात. एकदा तब्येत बिघडली आणि 7 पडले. घरच्यांनी लगेच ट्यूशन बदलली आणि पुढच्या वेळी 14 आले. श्रेय कोणाला? नव्या सरांना. पण ट्यूशन बदलली नसती तरी मार्क 15 च्या आसपास येणारच होते. कोच बहुतेक वेळा टीम अगदी तळाला असताना काढतात, म्हणून नवा माणूस आपोआप हुशार दिसतो. हॉलंडच्या फुटबॉल लीगचा अभ्यास झाला, त्यातही हेच निघालं. कोच काढलेल्या टीम सुधारल्या, पण तशाच अवस्थेत कोच न काढलेल्या टीमही जवळपास तेवढ्याच सुधारल्या.

मग विदर्भाचंही तसंच का? नाही. विदर्भ जुन्या सरासरीवर परतला नाही, त्याची सरासरीच वर गेली. पण हे एकट्या कोचचं काम नव्हतं. फैझ फझल, गुरबानी, वाडकर, सरवटे ही पोरं इथल्याच मैदानांवर तयार झालेली होती. मुंबईहून आलेला वसीम जाफर 2018-19 मध्ये हजाराच्या वर रन करून गेला. म्हणजे मशीनमध्ये ताकद होती, नीट ट्यूनिंग करणारा हवा होता.

बास्केटबॉलमधलं उदाहरण घ्या. एनबीएच्या गोल्डन स्टेट वॉरियर्सने 2013-14 मध्ये 51 मॅच जिंकूनही कोच मार्क जॅक्सनला काढलं आणि कोचिंगचा काहीच अनुभव नसलेल्या स्टीव्ह करला आणलं. बरेच फॅन चक्रावले. पुढच्या सीझनला मुख्य खेळाडू तेच, काहींच्या जागा बदललेल्या, आणि 67 विजय. शिवाय 40 वर्षांनी चॅम्पियनशिप. उलट उदाहरण आपल्याच देशातलं आहे. 2005 मध्ये ग्रेग चॅपेल मोठं नाव घेऊन आले, 2007 च्या वर्ल्ड कपमध्ये भारत पहिल्याच फेरीत बाहेर. 2008 मध्ये शांत स्वभावाचे गॅरी कर्स्टन आले आणि 2011 मध्ये कप आला. नाव मोठं असून भागत नाही, जोडी जमावी लागते.

बाहेरचा की घरचा?

पंडित पुढे मध्य प्रदेशात गेले आणि 2022 मध्ये त्यांनाही रणजी मिळवून दिली, तीही फायनलमध्ये मुंबईला हरवून. इकडे विदर्भाने 2025 मध्ये तिसऱ्यांदा कप जिंकला, तेव्हा कोच होते विदर्भाकडूनच खेळलेले उस्मान घनी. कॅप्टन तोच वाडकर. हर्ष दुबेने त्या सीझनमध्ये विक्रमी 69 विकेट घेतल्या आणि फायनलला कर्नाटकचा करुण नायर शतक करून गेला. मग घरचा कोण आणि बाहेरचा कोण? मला वाटतं, चांगला कोच तोच, जो गेल्यावरही त्याची सवय टीममध्ये राहते.

आता आपल्याकडे या. धान कापून झाल्यावर रिकाम्या बांध्यांत टेनिस बॉलने खेळणारी पोरं गोरेगाव तालुक्यात गावोगाव आहेत. जामठा इथून सव्वाशे-दीडशे किलोमीटर. त्यांचा कोच चांगला की वाईट ही चर्चाच होऊ शकत नाही, कारण कोचच नाही. बॅटची ग्रिप चुकते हे सांगणारं कोणी नसेल तर ती चूकच सवय होते. आपण या विषयात शिकलो ना, फीडबॅक नसलेली सिस्टिम ओपन लूप असते. ती चालते, पण स्वतःला सुधारत नाही.

म्हणून पुढच्या वेळी कोणत्याही टीमचा कोच बदलल्याची बातमी आली की भांडा जरूर, त्याशिवाय मजा नाही. पण सुट्टीत गावी गेलात की संध्याकाळचा एक तास त्या पोरांना द्या. कोणाला बॉलिंग शिकवा, कोणाला बास्केटबॉलचा ले-अप. लूप कुठून तरी क्लोज करावाच लागतो.