खिडकीतलं मनोराज्य

प्रश्न : माझ्या नातीने फोनवर टेम्प्टेशन्स या अमेरिकन गायकमंडळींचं 'जस्ट माय इमॅजिनेशन' हे जुनं गाणं ऐकवलं. मी जन्मभर भावगीतं ऐकली, इंग्रजी जेमतेम समजतं. तरी ऐकता ऐकता डोळे भरून आले. चाल तर प्रसन्न वाटते, मग रडू का यावं? आणि गाणारी बाई आहे की पुरुष, यावरून आमच्या घरात वाद चालू आहे.
— एक वाचक, सांगली

उत्तर : आधी घरातला वाद मिटवू. गाणारा पुरुष आहे, एडी केंड्रिक्स. बोलण्याचा भरीव आवाज बाजूला ठेवून त्याच्या वरच्या पातळ, हलक्या आवाजात गाणं, याला फॉल्सेटो म्हणतात. पुष्कळ गायक तो एखाद्या जागेपुरता लावतात. केंड्रिक्स इथे जवळजवळ सगळं गाणं त्याच आवाजात राहतात. आणि या गाण्याला तोच आवाज हवा होता. गाण्यातला माणूस खिडकीआड उभा आहे. जरा मोठ्याने बोलला तर रस्त्यावरून जाणारीला ऐकू जाईल.

गाण्यातली गोष्ट एवढीच. एक जण रोज खिडकीतून एका मुलीला जाताना बघतो आणि ही आपली आहे म्हणून स्वतःला भाग्यवान समजतो. मग लग्न, शहरापासून लांब एक लहानसं घर, मुलंबाळं. मध्येमध्ये तो कबूल करतो की हे सगळे मनातले मांडे आहेत. आणि अगदी शेवटी, जाता जाता कळतं की ती मुलगी त्याला ओळखतसुद्धा नाही. ही शेवटची कबुली कानावरून सहज निसटते. मी स्वतः कितीतरी महिने हे गाणं सुखी संसाराचं म्हणून ऐकत होते. ज्या दिवशी ती ओळ नीट ऐकू आली, त्या दिवशी गाणं थांबवून नुसती बसून राहिले. घर, अंगण, पोरं, सगळं एका वाक्यात रिकामं झालं होतं.

पण तुम्हाला तर शब्द कळले नव्हते, तरी डोळे भरले. त्याचं उत्तर सुरांत आहे. घरात पेटी असेल तर पांढरी एक सा धरा. सा, ग, प एकदम दाबा. मग म, ध आणि वरचा सा. पुन्हा पहिले तीन, पुन्हा दुसरे तीन, सावकाश, पाळणा हलवल्यासारखे. गाण्याचा बहुतेक भाग या दोन स्वरसमूहांच्या झोक्यावर तोललेला आहे. सा दोन्हीकडे आहे, त्यामुळे कुठेच धक्का बसत नाही.

आता ध्यान देऊन ऐका. स्वप्न रंगवतानाही हाच झोका, आणि 'हे सगळं मनातलंच' असं सांगतानाही हाच. दुसरा एखादा संगीतकार असता तर खरं उघड होतं तिथे सूर काळवंडला असता, वाद्यं थबकली असती. इथे तसं काहीच होत नाही. माणूस खरं बोलतो आणि त्याच दमात परत स्वप्नात शिरतो. रडायला जागाच ठेवलेली नाही, म्हणून ते रडणं ऐकणाऱ्याच्या वाट्याला येतं. माझं मत विचाराल तर या गाण्याची सगळी ताकद इथे आहे.

झोका मोडतो तो एकदाच, मधल्या प्रार्थनेत. रोज रात्री गुडघे टेकून तो देवाकडे मागणं मागतो, की हिला माझ्यापासून कुणी नेऊ नये. जी त्याची नाहीच, ती कुणी नेऊ नये! तिथे खालचे सूर बदलतात आणि पहिल्या ओळीला आवाजही बदलतो. ही ओळ टेम्प्टेशन्समधल्याच पॉल विल्यम्स यांची. केंड्रिक्सच्या मानाने त्यांचा आवाज जाड, खरखरीत, पोटातून आलेला. हे गाणं ज्या परंपरेतलं, ते सोल संगीत वाढलं ते कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या चर्चमधल्या गॉस्पेल गाण्यांच्या अंगाखांद्यावर. या एका ओळीत ते चर्च ऐकू येतं. केंड्रिक्स आणि विल्यम्स लहानपणचे मित्र होते. अलाबामातल्या बर्मिंगहॅमला चर्चच्या गायनवृंदात त्यांची ओळख झाली, आणि तिथून गात गात ते डेट्रॉइटला पोचले.

डेट्रॉइटला मोटाउन ही बेरी गॉर्डी यांची रेकॉर्ड कंपनी होती. एका साध्या राहत्या घरात तिचा स्टुडिओ होता. नॉर्मन व्हिटफील्ड आणि बॅरेट स्ट्राँग यांनी हे गाणं लिहिलं, पण काही काळ ते बाजूलाच पडलं होतं. कारण त्या वर्षांत व्हिटफील्ड टेम्प्टेशन्सकडून वेगळंच गाऊन घेत होते : कर्कश गिटार, लांबलचक गाणी, रस्त्यावरच्या असंतोषाचे विषय. त्या गदारोळात हे हळवं गाणं बाहेर आलं. जेरी लाँग यांनी तंतुवाद्यांची रचना केली आणि वाजवायला डेट्रॉइट सिंफनी ऑर्केस्ट्रातले वादक आले. १९७१ च्या जानेवारीत रेकॉर्ड निघाली; एप्रिलमध्ये ती दोन आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होती.

तोवर केंड्रिक्स टेम्प्टेशन्स सोडून निघाले होते. आतले संबंध बरेच दिवस ताणलेले होते. पॉल विल्यम्स यांची तब्येत इतकी ढासळली होती की रंगमंचावर त्यांचा भाग पडद्याआडून दुसऱ्याने गायचा. त्याच वर्षी तेही बाहेर पडले, आणि १९७३ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेले. दोघा मित्रांच्या आवाजातलं टेम्प्टेशन्सचं हे शेवटचं यश. हे कळल्यापासून ती प्रार्थनेची ओळ मला निवांतपणे ऐकता येत नाही.

रोलिंग स्टोन्स या रॉक बँडने १९७८ मध्ये हेच गाणं गिटारच्या जोरावर, दणदणीत गायलं. ते चांगलं वाजवलं आहे, पण तिथला माणूस भर रस्त्यात उभा राहून ओरडतो. त्याचं गुपित मुळात राहतच नाही.

नातीला सांगून एकदा हेडफोन लावून ऐका, आणि या वेळी केंड्रिक्सकडे लक्ष देऊ नका. मागे बाकीचे गातात ना, त्यांच्याकडे द्या. तो स्वप्न सांगत असतो आणि ते त्याला हळूच दुजोरा देत राहतात. त्यांना सगळं ठाऊक आहे. कुणी त्याला हटकत नाही, कुणी समजावत नाही. शेवटच्या ओळीनंतरही नाही. आवाज बारीक बारीक होत रेकॉर्ड संपेपर्यंत ते त्याच्याबरोबर गात राहतात.