खटला, शास्ती आणि शिक्षा

मालाडच्या पश्चिमेस समुद्रकाठी वसलेले मढ हे कोळी समाजाचे जुने गाव. पावसाळी बंदीच्या काळात एखादी यांत्रिक नौका मासेमारी करताना गस्ती पथकास आढळली, की ‘बोटीवर केस झाली’ अशी बोली बंदरावर उठते. कायद्याच्या दृष्टीने मात्र हा खटला नव्हे. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, 1981 अन्वये असे प्रकरण अभिनिर्णय अधिकाऱ्यापुढे जाते. पूर्वी हे काम तहसीलदारांकडे होते. 2021 च्या सुधारणेने ते मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आले. तेथे चौकशीअंती शास्ती लादली जाते, आणि शास्ती म्हणजे शिक्षा नव्हे. अपराधाबद्दल एखाद्यास फौजदारी न्यायालयापुढे आणून त्याचा दोष शाबीत करण्याची कार्यवाही, तोच अभियोग किंवा खटला. पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला, एवढ्याने तो सुरू होत नाही.

हा भेद केवळ शब्दांचा नाही, हे उपनगरातीलच एका प्रकरणाने दाखवून दिले. 6 नोव्हेंबर 1949 रोजी जेद्दाहून सांताक्रूझ विमानतळावर उतरलेल्या एका प्रवाशाजवळ, त्याने जाहीर न केलेले 107.2 तोळे सोने सापडले. सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी ते जप्त केले व त्याऐवजी 12,000 रुपये दंड भरण्याची मुभा दिली. पुढे 1950 मध्ये परकीय चलन कायद्याखाली त्याच्यावर मुंबईत खटला भरण्यात आला. एकाच अपराधाबद्दल दोनदा खटला व शिक्षा नाही, या संविधानाच्या अनुच्छेद 20(2) मधील हमीचा त्याने आधार घेतला. ‘मकबूल हुसेन विरुद्ध मुंबई राज्य’ या 1953 च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. सीमाशुल्क अधिकारी हे न्यायिक न्यायाधिकरण नव्हे, सबब जप्ती हा पहिला खटला ठरत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. सामान्य माणसास हे कठोर वाटेल. सोने तर गेलेच होते!

शासकीय सेवकांनी 1954 चा वेंकटरामन प्रकरणातील निर्णयही ध्यानात ठेवावा. विभागीय चौकशी हा खटला नव्हे. तीनंतरही फौजदारी खटला चालू शकतो.

पंचायत सदस्यांबाबत नेमका उलटा गैरसमज आढळतो. विरोधकावर खटला भरला जाताच त्याचे पद गेले, अशी आवई उठते. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 मधील यासंबंधीची अनर्हता मात्र दोषसिद्धीशी निगडित आहे, निव्वळ खटल्याशी नाही.