कमी ऐकू येणं आणि मिटत जाणारं मन

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे आहेत. हल्ली चारचौघांत बसत नाहीत, चिडचिड करतात. ऐकू कमी येतं, पण श्रवणयंत्र नको म्हणतात. वयाचा भाग म्हणून सोडून द्यावं का?

उत्तर : सोडून देऊ नका. वयानुसार आतल्या कानातल्या केसपेशी नष्ट होतात आणि पुन्हा तयार होत नाहीत. आधी उंच पट्टीतले आवाज जातात, म्हणून बोलणं कानावर पडतं, पण शब्द कळत नाहीत. सतत अंदाज बांधून मेंदू थकतो आणि माणूस गप्पांतून अंग काढून घेतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या बदलता येण्याजोग्या १४ जोखमींत श्रवणदोष धरला आहे. पण श्रवणयंत्राने स्मृती वाचतेच असं नाही, हा आक्षेप रास्त आहे. श्रवणयंत्रांच्या २०२३च्या अमेरिकी चाचणीत एकूण गटात बौद्धिक घसरणीत फरक दिसला नाही. जास्त धोका असलेल्यांत मात्र ३ वर्षांतली बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी कमी होती. शिवाय संवाद परत मिळणं हाच मोठा लाभ आहे. यंत्रातून सुरुवातीला गोंगाट वाटतो हेही खरं, पण काही आठवड्यांत सवय होते. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून मळ तपासून ऑडिओमेट्री (श्रवणचाचणी) करून घ्या, आणि घरात ओरडण्याऐवजी समोर बसून सावकाश बोला.